पाच प्रीअ‍ॅम्प आणि चाळीस सेकंद

माझ्या दादाला कचेरीत सगळे मिलिग्रॅम म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्याने चौतीस वर्षं काढली. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, सोनारांचे काटे, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. केसभर जरी फरक निघाला तरी हा बाबा शिक्का मारायचा नाही. एका सोनाराने त्याला विचारलं होतं म्हणे, "साहेब, एवढ्याने काय होतंय?" तर दादा म्हणाला, "एवढ्याने एवढंच होतं, पण होतं." हे त्याने घरी येऊन इतक्या वेळा सांगितलंय की मला ते झोपेतही म्हणता येईल.

असा माणूस निवृत्त झाल्यावर कुणाच्या डोक्यावर मिरे वाटणार? बायको नाही. लग्नाच्या वयात हा प्रत्येक स्थळाचे गुणदोष दोन पारड्यांत टाकून बसला आणि काटा स्थिर होईपर्यंत त्या मुलींची लग्नं होऊन त्यांना मुलंसुद्धा झाली. राहिले मी. माझे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दूर गेली, तेव्हा दादा म्हणाला, "इकडेच ये, दोन खोल्या रिकाम्या आहेत." मी शिलाई मशीन घेऊन आले. दवाखान्यांचे आणि लॉजचे पडदे शिवते. खिडकीपाशी मशीन, मशीनपाशी मी, आणि भिंतीपलीकडे दादा. सहा वर्षं बरी गेली. मग माझ्या मुलीने एक फोन केला आणि आमच्या घरात प्रीअ‍ॅम्प नावाचं प्रकरण शिरलं.

ते कळायला आधी माझ्या आवाजाचं सांगायला हवं. सांगायचा मला कंटाळा आहे, पण इलाज नाही.

मी चौदा वर्षांची असताना आमच्या शाळेला पंचवीस वर्षं झाली, म्हणून शाळेने गाण्याची एक रेकॉर्ड काढली. बत्तीस मुलींचं समूहगीत, आणि त्यात मधोमध चाळीस सेकंद एकटी मी. मी बरी गायचे. बरी म्हणजे चांगलीच गायचे, आता या वयात कशाला लाजायचं. पुढे सत्ताविसाव्या वर्षी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाजही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात सुधारेल. त्याला आता चौतीस वर्षं झाली. माझ्या घशातून जे निघतं ते गंजलेलं दार उघडल्यासारखं असतं. फोनवर मला बँकेतली मुलगी दर वेळी "हो सर" म्हणते, आणि मी आता तिला सुधारतही नाही.

माझी मुलगी ऑपरेशननंतर दोन वर्षांनी झाली. म्हणजे तिने माझा खरा आवाज कधी ऐकलाच नाही. तिला अंगाई म्हणायची वेळ आली तेव्हा मी नुसतं थोपटायचे. तो आवाज उरला होता फक्त त्या रेकॉर्डवर, आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आमच्याकडे कित्येक वर्षं नव्हतं. प्रती पन्नासच काढलेल्या. शाळा कधीच बंद झाली. एका मैत्रिणीकडे एक प्रत होती, ती माळ्यावरच्या उन्हाने वाकून तिची थाळी झाली. आमचीच काय ती धड होती.

तर मुलीचा फोन आला. "मामा, तुला आता वेळ आहे ना? आईच्या त्या रेकॉर्डची कॉपी करून मला पाठव ना फोनवर. एकदा ऐकायचाय मला तिचा आवाज."

दुसऱ्या कुणीही हे काम एका दुपारी केलं असतं. पण मागणी मिलिग्रॅमकडे गेली होती.

एक डॉक्टर घर बदलत होते, त्यांच्याकडून दादाने त्यांचं जुनं टर्नटेबल आणलं. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घरात होतेच. मग तारा जोडायला आमच्या ओळखीच्या रेडिओवाल्याकडे गेला. हा माणूस पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता आवाजाची सगळीच यंत्रं विकतो. त्याने सांगितलं, "साहेब, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला टर्नटेबल सरळ नाही जोडता येणार. सुईतून येणारा आवाज फार अशक्त असतो. शिवाय रेकॉर्ड बनवताना जाडे आवाज दाबलेले असतात आणि बारीक आवाज चढवलेले असतात. ते परत मुळासारखं करायला मधे एक डबी लागते. प्रीअ‍ॅम्प म्हणतात तिला."

"कुठला घ्यायचा?"

"कुठलाही घ्या हो."

हे वाक्य त्याने माझ्या भावासमोर उच्चारायला नको होतं. दादाने घरी येऊन ते मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो संताप होता, तो मी एकदाच पाहिला होता, एका दूधवाल्याने मापात बोट बुडवलं तेव्हा. "कुठलाही! मुळासारखं करायचं यंत्र, आणि म्हणे कुठलाही!"

वर रेडिओवाल्याची एक पद्धत होती: घरी न्या, ऐका, पटलं नाही तर परत आणा. चांगली पद्धत आहे, गिऱ्हाईक माणसांत असेल तर.

पहिला प्रीअ‍ॅम्प साबणाच्या डबीएवढा होता, करड्या रंगाचा. दादाने तो जोडला, डोळे मिटले, माझे चाळीस सेकंद ऐकले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"मग कर कॉपी."

"ठीक म्हणजे बरोबर नव्हे. बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? दुसरा पाहायला नको?"

मी म्हटलं, अरे, तुझ्याकडे इतर रेकॉर्डी आहेत, त्या लावून बघ की. तर त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. सहा वर्षांत त्याने मला खुर्चीवर बसवून समजावलेली ही तिसरी गोष्ट. आधीच्या दोन म्हणजे गॅसचा नळ आणि कात्रीची धार. म्हणाला, "हे बघ, बाकीचे गाणारे प्रत्यक्षात कसे होते ते मला काय माहीत? ते मी रेकॉर्डवरच ऐकलेत. तुझा आवाज मात्र मी रोज ऐकलाय, एका भिंतीपलीकडून, तुला बोलता यायला लागल्यापासून. मूळही माझ्या डोक्यात आहे आणि रेकॉर्डही हातात आहे. असा जगात मला एकच आवाज ठाऊक आहे. म्हणून चाचणी त्याच्यावरच."

मला भरून आलं, हे कबूल करते. भावाने आपला आवाज पन्नास वर्षं डोक्यात जपून ठेवलाय हे ऐकून कुणालाही भरून येईल. पण ते भरून येणं आठवडाभर टिकलं. पुढचे आठ महिने मी फक्त कपाळाला हात लावला.

कारण दादाची चाचणी म्हणजे चाचणी. त्यासाठी वही. वहीत रकाने. सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच, कारण दोन्ही वेळी रस्त्यावरचा आवाज सारखा असतो म्हणे. खिडक्या बंद, पंखा बंद, माझं मशीन बंद. आवाजाचं बटण जिथे ठेवायचं तिथे पेन्सिलीची रेघ. मग सुई बरोबर माझ्या तुकड्यावर टेकवायची. बत्तीस मुलींची सुरुवात नको, शेवट नको, मधले चाळीस सेकंद तेवढे. उचलायची. पुन्हा टेकवायची. तीनदा ऐकल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, कारण एका मापावर विश्वास ठेवणारा माणूस गाढव असतो. हेही कचेरीतलंच. सुईचा भार रेकॉर्डवर किती पडतो हे मोजायला त्याने स्वतःचा छोटा काटा आणला आणि त्यात तीन दिवस घालवले. "दोन ग्रॅम. तंतोतंत," असं त्याने जेवताना मला अशा आवाजात सांगितलं की जणू नातू झाला.

दुसरा प्रीअ‍ॅम्प गुणगुणायचा. एक बारीक घूंऽऽ यायची. त्याचा संशय आमच्या फ्रिजवर गेला. फ्रिज बंद केला आणि पुन्हा चालू करायचा विसरला. दूध नासलं. घूं तशीच. मग रेडिओवाल्याने फोनवर सांगितलं की टर्नटेबलाची अर्थिंगची तार जोडायची राहिली आहे. ती जोडल्यावर घूं गेली. पण दुधाबद्दल एक शब्द नाही. उलट वहीत लिहिलं, "आवाज किंचित कोरडा." प्रीअ‍ॅम्प परत.

तिसऱ्याच्या पाठीवर खसखशीएवढी बटणं होती, खाली-वर करायची. कुठलं बटण कुठे ठेवलं की काय होतं याची त्या रेडिओवाल्यालाही धड कल्पना नव्हती. दादाला मात्र घबाड मिळालं. बटणांच्या जितक्या जोड्या होतात तितक्या सगळ्या. प्रत्येक जोडी तीनदा. सकाळ-संध्याकाळ. घरात मी चौदा वर्षांची होऊन सारखी तेच चाळीस सेकंद गायचे, थांबायचे, पुन्हा गायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी गाणं शिकतंय का हो? जरा पुढची ओळ शिकवा की तिला."

"काय म्हणतोय तुझा तिसरा?" मी एकदा विचारलं.

"शेंड्याला धार आहे. 'स' आला की टोचतं. तू अशी टोचायची नाहीस."

"आता टोचते का?"

"आता वेगळा प्रश्न आहे," तो म्हणाला आणि वहीत डोकं घातलं.

चौथ्यात काचेच्या नळ्या होत्या, लालसर उजळायच्या. दिसायला सुरेख. अर्धा तास तापू द्यायचा, मग ऐकायचं. दादा पहिल्यांदा खूश वाटला. मी देवाचे आभार मानायच्या बेतात होते. चौथ्या दिवशी म्हणाला, "नाही. हा लबाड आहे. याने तुझा आवाज गोड केलाय. तू इतकी गोड नव्हतीस." हे मला, तोंडावर, मी त्याच्या उशीचा अभ्रा शिवत असताना. आणि पुढे म्हणाला, "शिवाय गोडव्याखाली खरखर आहे. वरून साखर पेरली म्हणून मला कळणार नाही होय?"

मधून मधून मुलीचा फोन यायचा. "मामाचं झालं का गं?" मी म्हणायचे, त्यालाच विचार. तो म्हणायचा, "अगं, आधी प्रीअ‍ॅम्प ठरू दे. चुकीच्या आवाजाची कॉपी करून काय उपयोग? एकदाच करायची ती बरोबर करायची." ती बिचारी "बरं मामा" म्हणायची. मी एकदा त्याला म्हटलं, दे ती रेकॉर्ड इकडे, मी दुकानात नेऊन करून आणते. तर माझ्यावरच उसळला. "दुकानात? परक्याच्या सुईखाली? कसली सुई, किती भार, काही माहीत नसताना?" मी हात टेकले. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा दहा खिडक्यांचे पडदे उसवून पुन्हा शिवणं सोपं.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली होती. प्रत्येक नवा प्रीअ‍ॅम्प आधीच्यापेक्षा भारी होता आणि वहीतले शेरे आधीच्यापेक्षा वाईट. कोरडा, मग टोचरा, मग खरखरीत. दादाचं म्हणणं, हल्ली लोकांना यंत्रं करताच येत नाहीत, नुसते डबे मोठे करतात. मला ते पटलं. दादा असली वाक्यं बोलायला लागला की पटवून घेणं सोयीचं असतं.

पाचवा घेऊन रेडिओवाला स्वतःच आला. दुपारचे चार वाजले होते. चार प्रीअ‍ॅम्प परत आल्यावर त्याचाही जीव मेटाकुटीला आला असणार. "साहेब, आज तुमच्यासमोरच लावतो. काय बिघडतंय ते मलाही बघू दे." त्याने पिशवीतून स्वतःची एक नवी कोरी रेकॉर्ड काढली आणि लावली. मी मशीन थांबवून दारात उभी राहिले. छान वाजत होती. मला काय कळतंय म्हणा, पण छान होती.

"स्वच्छ आहे की नाही?"

"ही असेल," दादा म्हणाला. "आता ही ऐका." त्याने आमची रेकॉर्ड लावली, सवयीने सुई बरोबर माझ्यावर टेकवली, आणि खरखर सुरू झाली. "बघा! पाचवाही तसाच!" त्याच्या आवाजात इतकी विजयी चीड होती की मला त्याही स्थितीत हसू आलं.

रेडिओवाला हसला नाही. मान तिरकी करून उभा होता. म्हणाला, "साहेब, पहिल्यापासून लावा बरं."

"पहिल्यापासून कशाला? चाचणीचा भाग हा आहे."

"लावा तर खरं."

दादाने नाखुशीने सुई कडेला ठेवली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या घरात त्या बत्तीस मुली गायल्या. किती लख्ख होत्या! कुणाचा श्वास कुठे तुटला तेही ऐकू येत होतं. माझ्या शेजारी उभी राहणारी, ठेंगणी, नेहमी अर्धी मात्रा आधी सुरू करायची, तीसुद्धा ओळखू आली. मग त्या थांबल्या आणि मी आले. कुणी लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा आवाज. त्याच्या आत कुठेतरी मी. चाळीस सेकंद. मग पुन्हा मुली, लख्ख.

रेडिओवाल्याने रेकॉर्ड उचलली, खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली. काळ्या चकाकीत मधेच एक नखभर रुंदीची राखाडी पट्टी होती. ती बघायला चष्माही लागत नव्हता.

"किती वेळा वाजवलीत ही जागा?" त्याने विचारलं. मग खिशातलं भिंग काढून सुईवर धरलं. "सुई कधी बदलली होती?"

"भार बरोबर आहे," दादा म्हणाला. "दोन ग्रॅम."

"भार नाही विचारला साहेब. सुई."

"दोन ग्रॅम, तंतोतंत. मी स्वतः मोजलाय."

"अहो, सुई झिजून छिन्नी झालीय हिची. त्या डॉक्टरांनीच झिजवलेली असणार. एरवी रेकॉर्ड महिन्यातून एकदा लावली तर चालून जातं. तुम्ही एकाच जागी..." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. पाचवा प्रीअ‍ॅम्प आणि स्वतःची रेकॉर्ड पिशवीत घालून, "येतो ताई," म्हणून तो गेला. त्याचा काही दोष नव्हता.

दादा वही घेऊन बसला. पानं उलटत बोटाने मोजत गेला. मी दारातच उभी. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चौदाशे चार."

मी आत येऊन त्याच्यासमोर बसले.

"आमच्याकडे मूळ वजन असतं ना," तो वहीकडे बघत म्हणाला, "काचेखालचं. ते रोज वापरायचं नसतं. वर्षातून एकदोनदाच काढायचं, तेही चिमट्याने. रोजच्या कामाला दुसरं वजन. मूळ वजन रोज वापरलं तर झिजतं, आणि ते झिजलं की मग बाकीची सगळी चुकीची वाटायला लागतात. एका माणसाला मी यावरून घरी बसवलं होतं. नुसता अंगठा लावला म्हणून."

आणि मग माझा तोल गेला. चौतीस वर्षं ऐकतेय मी हे, मी म्हटलं. दुनियेचे तराजू तपासलेस आणि स्वतःच्या घरात आंधळा! कुंपणानेच शेत खाल्लं. माझ्या पोरीने एक गोष्ट मागितली होती. एकच. तुला बरोबर पाहिजे होतं, तिला नुसतं ऐकायचं होतं. माझ्याकडे होतं तेवढंच होतं आणि तू ते रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून लिहून घासून टाकलंस. माझा हा फाटका आवाज चढला की शेजारीपाजारी दारं उघडतात, तशी उघडली. उघडू देत. मी खूप रडले. ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा रडले नव्हते इतकी.

मी थांबल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. आठ महिन्यांत हा प्रश्न त्याने मला पहिल्यांदा विचारला.

"तुला कुठला बरोबर वाटला होता?"

"पहिला."

"पहिला? साबणाची डबी?"

"हो. पहिल्याच दिवशी. भाजी चिरताना हात थांबला माझा. ती मीच होते. जशी होते तशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू वहीला विचारत होतास."

"अगं, पण सांगायचं तरी," तो म्हणाला. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं. "एक शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी कॉपी करून रेकॉर्ड कपाटात गेली असती."

तेच तर. त्याच दिवशी ती कपाटात गेली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्याच्यावर चिडायचे, मशीन बंद करावं लागतं म्हणून बोटं मोडायचे, आणि दहा वाजायच्या आधी पाच मिनिटं स्वयंपाकघरातला नळ स्वतःच बंद करून ठेवायचे. पाच वाजता बाहेर जायचं काम असलं तर सहावर ढकलायचे. चौतीस वर्षांनी कुणीतरी मला रोज सहा वेळा माझा आवाज ऐकवत होतं, आणि मागायची लाज वाटावी अशी ती गोष्ट मला न मागता मिळत होती. हे मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. म्हटलं, "मलाही ऐकायचा होता रे. म्हणून गप्प बसले." सांगून झाल्यावर सगळा राग त्याच्यावर टाकायची सोयही गेली.

दुसऱ्या दिवशी तो जाऊन पहिला प्रीअ‍ॅम्प घेऊन आला. नवी सुईही बसवून घेतली. बैल गेला अन् झोपा केला, पण केला. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच लावली, कॉपी केली आणि मुलीला पाठवली. सोबत त्याने एक लांबलचक मजकूर लिहायला घेतला होता. सुई, भार, खोबणीची झीज, अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत दोष, वगैरे. मी म्हटलं, आधी नुसतं पाठव, मजकूर मागून पाठव. त्याला ते पटलं नाही, पण त्या दिवशी तो माझं ऐकत होता.

संध्याकाळी फोन आला. मी स्पीकरवर टाकला, दादा शेजारी येऊन बसला. पोरगी हसत होती का रडत होती, मला कळेना.

"आई, ऐकलं गं! तीनदा ऐकलं. मधे एकटी गाणारी तू ना? मी लगेच ओळखलं!"

"ओळखलंस?"

"म्हणजे काय! त्या सगळ्या मुली एकसारख्या, आणि मग तू. तुझा हाच आवाज. असाच जाडाभरडा. मला वाटायचं ऑपरेशनने बदलला, तुम्ही सगळे तसंच सांगायचात. पण तू तर चौदाव्या वर्षीसुद्धा अशीच होतीस. माझीच आई होतीस तू तेव्हापासून."

दादा ताठ झाला. त्याने फोनकडे हात केला. त्याला सांगायचं होतं की हे चूक आहे, हा आवाज तिचा नाही, ही झीज आहे. ते सांगितल्याशिवाय त्याला घास गिळवला नसता. मी फोन उचलून दुसऱ्या बाजूला धरला.

"अगं, तसं नाहीये," तो तरीही म्हणालाच.

"काय म्हणतोय मामा?"

"काही नाही," मी म्हटलं. "आवडलं का तुला?"

"खूप आवडलं."

"मग झालं तर. हो गं, मीच ती."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा तो मजकूर त्याच्या फोनवर अर्धा लिहिलेला तसाच होता. मी त्याच्यासमोर तो पुसून टाकला आणि त्याने मला पुसू दिला.